तात्यांच्या गालावरचा कापूस

सोमवारी सकाळी कस्तुरी शाळेत जायला निघाली आणि कोपऱ्यावरच थबकली. तिथल्या ओसरीवर बसलेल्या शेजारच्या एकनाथतात्यांच्या गालावर चार दिवसांची पांढरी दाढी वाढली होती.

तुम्ही म्हणाल, वाढली तर वाढली, त्यात काय एवढं? अहो, पण एकनाथतात्या म्हणजे फलटणच्या तीन पिढ्यांच्या दाढ्या केलेला माणूस! पन्नास वर्षं त्यांचं दाढी-कटिंगचं दुकान होतं. सकाळी सातच्या आत स्वतःचा गाल तुळतुळीत केल्याशिवाय त्यांनी दुकानाची फळी कधी उघडली नव्हती. दुकान दोन वर्षांपूर्वी बंद झालं, पण सातचा नेम काही चुकला नव्हता.

"तात्या, दाढी ठेवताय की काय?" कस्तुरीनं विचारलं.

"ठेवत नाही गं. राहिलीय." तात्यांनी उजवा हात पुढे केला. पानाला वारा लागावा तसा तो हलत होता. "डॉक्टर म्हणतात कंप आहे (म्हणजे हाताची आपोआप होणारी थरथर). उस्तरा धरवत नाही. गुरुवारी धरला, तर हे बघ." हनुवटीवर तुरटी लावलेल्या तीन जखमा होत्या.

"आणि रविवारी बारामतीला जावळ आहे ना?"

तात्यांची मुलगी शैला बारामतीला राहायची. तिच्या बाळाचं जावळ, म्हणजे जन्मापासूनचे केस पहिल्यांदा काढायचा समारंभ, येत्या रविवारी होता. पहिली बट तात्यांनीच कापायची, हे बाळ पोटात असल्यापासून ठरलेलं होतं.

"मी येत नाही म्हणून कळवलंय शैलाला," तात्या तोंड फिरवून म्हणाले. "न्हाव्याचं तोंड असं? चार माणसांत? आणि त्या लोण्यासारख्या पोराला हे काटे टोचवू?"

"मग दुसऱ्या कुणाकडून करून घ्या की!"

"कस्तुरे, माझे वडील गेल्यापासून ही मान मी कुणाच्या हातात दिलेली नाही. आता काय देणार?"

दिवसभर शाळेत कस्तुरीचं लक्ष लागलं नाही. त्याला कारण होतं. ती आठ वर्षांची असताना तिच्या डोक्याचं ऑपरेशन झालं होतं. त्याआधी सगळे केस काढायचे होते, आणि ती दवाखान्यात रडून रडून कुणाला हात लावू देत नव्हती. तेव्हा तात्या आपली चामड्याची पेटी घेऊन आले. त्यांनी आधी तिच्या बाहुलीचं डोकं भादरल्याचं नाटक केलं, मग गप्पा मारता मारता तिचं. एक ओरखडा नाही! आणि दुसऱ्या दिवशी भेटायला आले ते स्वतःचाही चमनगोटा करून. "आता आपण दोघं सारखे," म्हणाले. ते डोकं कस्तुरी जन्मात विसरणार नव्हती. त्या माणसानं नातवाच्या जावळाला जाऊ नये, हे तिला मुळीच खपणार नव्हतं.

शाळा सुटल्यावर ती तडक वाचनालयात गेली. ही गोष्ट तुम्ही मोठे व्हाल त्या सुमाराची आहे बरं का. तेव्हा वाचनालयातून पुस्तकांबरोबर लागतील त्या वस्तूही आठ दिवसांसाठी घरी नेता येत, अगदी यंत्रमानवसुद्धा. कस्तुरीनं विजेवर चालणारे तीन रेझर घेतले आणि ढब्बूला घेतलं. ढब्बू म्हणजे गुडघ्याएवढा यंत्रमानव, ढब्बू मिरचीसारखाच गोल आणि मधे दबलेला. त्याच्या एका डोळ्यात सूक्ष्मदर्शक (बारीक वस्तू मोठी करून दाखवणारी भिंगं) होता, आणि दिसेल ते तो भिंतीवर दाखवू शके.

रेझर बघून तात्या फिस्सकन हसले. "ही खरखरी? अगं, याचं पातं गालाला लागतच नाही. मग कापतं काय, हवा?"

"प्रश्न उत्तम आहे," ढब्बू म्हणाला. "फुगा आहे का?"

तात्या चमकले. चौदाव्या वर्षी ते उस्तरा धरायला शिकले ते फुग्यावरच! वडील फुग्याला साबणाचा फेस लावायचे आणि म्हणायचे, फेस काढ. पहिल्या महिन्यात चाळीस फुगे फुटले होते. कस्तुरीनं फुगा फुगवला, जाळीचा रेझर चालू केला आणि फुग्यावरून फिरवला. तात्यांनी कानांवर हात ठेवले. फुगा फुटला नाही. उलटसुलट फिरवला, तरी नाही.

"आता आत बघा," असं म्हणून ढब्बूनं रेझरचं डोकं भिंतीवर मोठं करून दाखवलं. वर धातूची जाळी होती, कागदाच्या निम्म्या जाडीची, भोकंच भोकं असलेली. तिच्या खाली पाती डावी-उजवीकडे मिनिटाला हजारो वेळा सरकत होती. "केस भोकातून आत येतो. भोकाची कड म्हणजे कात्रीचं एक पातं, आणि आतलं सरकतं पातं हे दुसरं. दोन्हींत सापडला की केस कापला जातो. गाल बाहेर, पातं आत, आणि मधे जाळीची भिंत."

"म्हणजे कात्री आहे होय ही!" तात्या पुढे सरकले. "पण मग जाळीच्या जाडीएवढं खुंट राहणारच की गालावर."

"बरोब्बर! म्हणून जाळी जितकी पातळ, तितकी दाढी जास्त गुळगुळीत."

कस्तुरीनं टाळी वाजवली. झालं तर मग! तिन्हींतला सर्वांत पातळ जाळीचा निवडायचा, सोपं आहे. दुसऱ्या रेझरची जाळी जरा जाड होती आणि त्याचं डोकं स्प्रिंगवर डोलत होतं. तिसऱ्याला जाळीच नव्हती, तीन गोल चकत्या होत्या. ते दोन्ही तिनं पिशवीत परत टाकले.

मंगळवारी सकाळी तात्यांनी दाढी केली. झाल्यावर कस्तुरीनं कापसाचा पुंजका घेऊन गालावरून फिरवला. खुंट राहिलं असेल तर कापसाचे धागे अडकतात, ही तात्यांची जुनी परीक्षा होती. कापूस सुळ्ळकन घसरला.

पण दहाच मिनिटांत तात्यांची मान लालबुंद झाली आणि आग आग व्हायला लागली. "उचल तुझी यंत्रं," ते कळवळून म्हणाले. "उस्तऱ्यानं निदान तीनच जागी कापलं होतं. हे सगळीकडे सोलतंय!" आणि ते घरात निघून गेले.

कस्तुरी पायरीवर बसून रडली. चांगलं करायला गेले आणि तात्यांना दुखवून बसले, असं तिला वाटत राहिलं.

"रडून झालं की सांग," ढब्बू म्हणाला. "मी सकाळी सगळं बघत होतो. बघायचंय?"

त्यानं भिंतीवर सकाळची दाढी दाखवली, अगदी हळूहळू. कस्तुरीनं नाक पुसत पाहिलं, आणि दुसऱ्यांदा पाहताना ओरडली, "थांब! बोटं बघ तात्यांची!" रेझर धरलेली बोटं पांढरी पडली होती. तात्या रेझर गालावर गच्च दाबत होते. आणि एकाच जागी पुन्हा पुन्हा, दहा-दहा वेळा फिरवत होते.

ती धावत स्वयंपाकघरात गेली आणि पुरणाची चाळण घेऊन आली. तळहात हलका ठेवला तर काही झालं नाही. जोरात दाबला तेव्हा चाळणीच्या प्रत्येक भोकातून कातडीचा बारीक फुगा खाली डोकावला. "म्हणजे दाबलं की कातडीच भोकात शिरते आणि पातं तिला लागतं!" ती म्हणाली.

"जाळी पातळ असली की पातं आणखी जवळ असतं," ढब्बूनं पुस्ती जोडली. "आणि एकाच जागी का फिरवत होते ठाऊक आहे? लांब केस आडवे पडतात, भोकात शिरतच नाहीत. चार-पाच दिवसांची दाढी आधी ट्रिमरनं (केस आखूड करणाऱ्या यंत्रानं) कमी करायला हवी होती. ते तुला सांगायचं माझ्याकडून राहिलं. चूक माझीही आहे."

यंत्रमानवानं चूक कबूल केलेली पाहून कस्तुरीला एकदम हसू आलं.

संध्याकाळी ती चाळण घेऊन तात्यांसमोर उभी राहिली. "तात्या, रागवा, पण एकदा ऐका. तुम्ही उस्तरा असाच दाबायचात?"

"दाबायचो? उस्तरा दाबला असता तर माझ्या वडिलांनी कानफटात दिली असती! हात फुलासारखा हलका पाहिजे."

"मग आज का दाबलंत?"

तात्या हळू आवाजात म्हणाले, "हात हलतो गं. हलू नये म्हणून दाबून धरतो."

तिथे सगळं उलगडलं. हात टेकायला जागा नव्हती, म्हणून तात्या गालावरच टेकत होते. कस्तुरीनं त्यांच्या दुकानातली जुनी खुर्ची ओसरीवर आणवली आणि खुर्चीच्या हातावर उशी बांधली. कोपर त्या उशीवर ठेवलं, की थरथर निम्म्यानं कमी झाली. आणि पिशवीतला तो डोलत्या डोक्याचा रेझर? तो जास्त दाबला तर डोकंच मागे सरायचं. जास्तीचा दाब स्प्रिंग खायची, गाल वाचायचा.

मान बरी व्हायला तीन दिवस लागले. शनिवारी कस्तुरी म्हणाली, "या वेळी मी आधीच ठरवून टाकणार नाही. गालालाच विचारायचं."

"विचारताना एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं सारखं ठेवायचं," ढब्बू म्हणाला. "नाहीतर फरक कशानं पडला ते कळणार कसं?"

म्हणून आधी दोन्ही गालांवर वाचनालयातून आणलेला ट्रिमर फिरला. आंघोळीच्या आधी, कोरड्या गालांवर, दोन्हीकडे सारखीच पावडर लावली, म्हणजे रेझर अडखळत नाही. मग डाव्या गालावर गोल चकत्या आणि उजव्या गालावर डोलती जाळी. तात्या आता तोंड फुगवून बसले नव्हते. "जाळी केसांच्या उलट्या दिशेनं फिरवायची ना? मग डाव्या हातानं कातडी ताणून धरतो, म्हणजे केस उभे राहतील," असं तेच सांगू लागले. ढब्बूनं ते लगेच लिहून घेतलं. त्याच्याकडे हे नव्हतं.

दहा मिनिटं थांबून कस्तुरीनं कापूस फिरवला. लाली कुठेच नव्हती. डाव्या गालावर कापसाचे पाच-सहा धागे अडकले, उजव्यावर फक्त एक.

"चकत्या वाईट नाहीत," ढब्बू म्हणाला. "ज्याचे केस वेडेवाकडे उगवतात, जो दोन-तीन दिवसांनी दाढी करतो, त्याला त्या सोयीच्या पडतात. तात्या रोज करणार, म्हणून त्यांना ही जाळी. मंगळवारच्या जाळीनं एकही धागा अडकला नव्हता, पण मान सोलली. ही एक धागा ठेवते आणि कातडी राखते."

"म्हणजे सगळ्यांत चांगला रेझर असा नसतोच," कस्तुरी म्हणाली. "या गालाला, या हाताला चांगला, असा असतो."

"आणि नव्या रेझरची सवय व्हायला कातडीला काही आठवडे द्यायचे," ढब्बूनं बजावलं.

रविवारी नऊला बारामतीची गाडी होती; येतोय म्हणून तात्यांनी शैलाला रात्रीच कळवलं होतं. सात वाजता तात्या धुतलेल्या सदऱ्यात खुर्चीत बसले. कोपर उशीवर टेकलेलं होतं. रेझर घुंघुं करत फिरला. दोन्ही गाल झाले, ओठ झाला, हनुवटी झाली. मग त्यांनी मान वर केली आणि हात थांबला. गळ्याखाली हात न्यायचा तर कोपर उशीवरून उचलावं लागत होतं. उचललं की हात हलायचा. एकदा प्रयत्न झाला, दोनदा झाला. गळ्यावर रुपयाएवढी जागा तशीच पांढरी राहिली.

कस्तुरीनं घड्याळ पाहिलं. गाडीला अजून वेळ होता, पण ती काय बोलणार? तात्यांनी मान कुणाच्या हातात द्यायची नाही, हे तर ठरलेलंच होतं.

तात्यांनी बोटांनी ती जागा चाचपली. थोडा वेळ रेझरकडे पाहिलं, मग कस्तुरीकडे. आणि रेझर तिच्यापुढे धरला.

"मी?" कस्तुरीचा आवाज चिरकला.

"तू दिलं होतंस ना तुझं डोकं माझ्या हातात? आठ वर्षांची होतीस. माझं वय बहात्तर आहे. तुझ्याइतका धीर मलाही असायला हवा की!" तात्यांनी मान मागे टाकली आणि डोळे मिटले.

कस्तुरीनं बाळाच्या गालाला लावावा तसा अंगठा त्यांच्या गळ्याला लावला आणि कातडी हलकेच ताणली. "केस कुठल्या बाजूला जातात तात्या?"

"तिथे भोवरा आहे. कानाच्या बाजूनं ये. हां... हलका हात. अजून हलका. शाब्बास."

तिनं रेझर बंद केला. ढब्बूनं कापूस पुढे केला, आणि तो गळ्यावरून सरळ खाली उतरला. तात्यांनी डोळे उघडले तेव्हा ते ओले होते, आणि ते त्यांनी लपवलेही नाहीत. "तुझे उपकार झाले पोरी," ते म्हणाले.

"आधी तुमचे झालेत," कस्तुरी म्हणाली, आणि तिनं पावडरीचा डबा उगाचच जोरजोरात पुसला.

दुपारी शैलामावशीनं बारामतीहून चित्रफीत पाठवली. बाळ मामाच्या मांडीवर बसलं होतं. तात्यांनी कोपर मामाच्या गुडघ्यावर घट्ट टेकवलं, बट दोन बोटांत लांब धरली आणि कात्रीनं कचकन कापली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाळ दचकून तात्यांकडे झेपावलं आणि त्यांच्या गालाला गाल लावून गप्प झालं. काही टोचलं नाही त्याला.

"तात्या, किती छान झालीय दाढी! नवा न्हावी गाठलात का?" चित्रफितीत शैलामावशीचा आवाज आला.

तात्यांनी बाळाला थोपटत ऐटीत मान वर केली, सगळ्यांना गळा दिसेल अशी.

"आहे आमच्या फलटणला एक कारागीर," ते म्हणाले. "सहावीत शिकते."