ओले गोटे

लाईट गेली की हौसरावमामांच्या ओट्यावर पोरं गोळा व्हायची. मामांनी उभा जन्म शाळंच्या सहलींचा आन् शिबिरांचा सैपाक केला, त्यामुळं त्यांच्याकडं गोष्टी बी पातेल्यानंच असायच्या. त्या रात्री भिमानं इचारलं, "मामा, भूत खरंच असतंय का वो?"

"मला काय म्हाईत? मी काय त्याला जेवाय वाढलंय?" मामा म्हणाले. "पर न्हावऱ्याच्या हनुमंताला वाढलंय. बटाट्याची भाजी तीनदा मागायचा गडी. त्याच्यासंगं झालं ते सांगतो. खोटं वाटलं तर जाऊन इचारा त्याला. सांगायचा न्हाई तो... पर इचारा."

आन् मामांनी बिडी इझवली.

दोन हजार तीन साल व्हतं. मार्गशीर्षातली आवस, मंगळवार. शिरूर तालुक्यातल्या शाळांचं स्काऊटचं शिबिर न्हावऱ्याच्या पलीकडं माळावर लागलेलं. सकाळी पोह्याची ताटली चाटूनपुसून हनुमंत निवांत बसला व्हता, तवर स्काऊटच्या कोळपेसरांनी हाक मारली.

"नववीतला हायेस ना? मग जरा उपयोगाला ये. माळाला वळसा घालून वाट आखून ठेव. दुपारी ल्हान पोरं तुझ्या खुणा बघत चालतील आन् परत तंबूपाशी येतील."

काम सोपं व्हतं. दगडांचा बाण केला की इकडं जा. दगडांची फुली केली की इकडं न्हाई. आन् वाट जिथं संपंल तिथं दगडांचं रिंगाण करून मधी एकच दगड ठेवायचा. त्याचा अर्थ, 'मी घरी गेलो.' ते दिसलं की खेळ संपला. कुठल्या बी स्काऊटाला झोपंतनं उठवून इचारा, ही खूण त्याला येती.

"आन् ऐक," सर म्हणाले, "खूण खोटी लावायची न्हाई. मस्करी तंबूत कर. हितं पोरं डोळं झाकून तुझ्या मागं येणारेत."

"सर, माझ्यावर इश्वास न्हाई का?"

"न्हाई," म्हणाले सर, आन् गेले.

इश्वास ठेवणार तरी कसा? आदल्या रात्रीच ह्या बहाद्दरानं सगळ्या तंबूच्या बुटांच्या नाड्या एकमेकींला बांधल्या व्हत्या. सकाळच्या शिट्टीला अख्खं पथक तोंडावर पडलं. सर बी.

तर हनुमंत फुटकं दगड मांडत मांडत शेवटच्या फाट्यावर आला. तिथं एक वाकडी बाभळ व्हती. डावीकडं तंबू, हाकेच्या अंतरावर. उजवीकडं पडक्या विहिरीवरनं कॅनॉलपर्यंत लांबलचक फेरा. हनुमंतानं हिकडं बघितलं, तिकडं बघितलं. बाण केला उजवीकडं, फुली मारली डावीकडं.

"फिरा लेकांनो," म्हणला, आन् हात झटकत आला.

त्याला घोर नव्हता, कारण त्याचा सार्थक त्या पोरांत नव्हता. सार्थक म्हंजी चुलतभाऊ, सहावीतला. निघताना दारात चुलतीनं, रतनबाईनं, पोराचा हात हनुमंताच्या हातात दिला व्हता. "एकुलतं हाय माझं. तुझ्यासंगं निघालंय, तुझ्यासंगंच माघारी आण." आन् सार्थकच्या टाचंला फोड आलेला, त्यामुळं त्याला त्या दिवशी मामांच्या हाताखाली भांड्यावर बशिवलेलं.

पर पोरगंच ते. टोळी निघाली तसं पातेलं टाकून पळालं. "दादानं खुणा लावल्यात, मला बघायच्यात!" मामा हाका मारत ऱ्हायले. सरपणाला गेल्यावर हनुमंताला हे कळलं, तवर टोळी लांब गेली व्हती.

दिवस बुडताना पोरं आली. आली म्हंजी काय, स्वतःला ओढत आणलं त्यांनी. कुणाच्या हातात बूट, कुणाच्या गळ्यात स्कार्फाचा बोळा. पाण्याच्या पिंपापाशी आली आन् तिथंच बसली. हनुमंताला हसू यायला पायजे व्हतं. पर त्यानं बी दुपारभर सरपण व्हायलं व्हतं, त्याच्या बी पोटऱ्या दगड झालेल्या. हसायला बी जोर लागतो.

मग त्यानं तोंडं बघितली. एकेक.

"सार्थक कुठाय रं?"

टोळीचा म्होरक्या मान वर न करता म्हणला, "बाभळीपाशी बसला. टाच सोलली म्हणला. म्हणला, दादा आलाय न्यायला, तुम्ही व्हा पुढं."

"कंचा दादा?"

"आता कंचा? तूच की. लांबनं हात हलवत व्हतास."

दुपारपस्नं हनुमंत मामांसंगं सरपणाला व्हता. माळाच्या पार दुसऱ्या अंगाला.

पोरगं पाण्याकडं गेलं आसंल ह्या भ्यानं कोळपेसर मोठ्या पोरांना घिऊन कॅनॉलकडं पळाले. शिट्ट्या, लाठ्या, हाका. हनुमंतानं बाणाचं सांगायला तोंड उघडलं. सरांच्या तोंडाकडं बघितलं. मिटलं. चुलतीचं बोलणं मातूर कानातनं जाईना. त्यानं सैपाकाच्या तंबूतली मामांची बॅटरी उचलली आन् एकटाच बाभळीकडं निघाला.

"एकटाच?" पूनमनं ओट्यावर पाय वर घेतले.

"एकटाच," मामा म्हणाले. "खरं सांगितलं असतं तर सोबत मिळाली असती."

तवर पार अंधार पडला व्हता. आवसंचा अंधार. बॅटरीतलं सेल बी अर्ध्यावर. पाय उचलावा म्हणलं तर उचलत नव्हता, घासत चालला गडी. बाभळीपाशी आला. सार्थक न्हाई. हाक मारली. माळ गप.

बॅटरी खाली मारली तर त्याचा बाण बी न्हाई.

त्याच्या जागी दुसराच व्हता. नीट मांडलेला. गोल गोल गोट्यांचा, नदीत असत्यात तसल्या गुळगुळीत. आता त्या माळावर सगळा मुरूम आन् फुटका दगड. गोल गोटा औषधाला मिळायचा न्हाई. हनुमंतानं बोट लावलं.

ओला.

'ल्हान्यांनी डाव उलटवलाय,' असं त्यानं मनाला सांगितलं. बाण दाखवंल तिकडं चालला. थोडं पुढं दुसरा बाण. मग तिसरा. मग पुढं बाभळ दिसली.

तीच. वाकडी.

परत चालला. बाण, बाण, बाण... बाभळ.

तिसऱ्या डावाला त्याच्यानं उभं ऱ्हाववंना. खालीच बसला. भ्या वाटायला बी अंगात काय उरलं नव्हतं. फकस्त झोप यीत व्हती. लई झोप. आडवं व्हावं हितंच, असं वाटाय लागलं...

तवा त्याला उजवीकडं काय तरी दिसलं. विहिरीच्या वाटंवर. मघाशी नव्हती.

फुली.

ओल्या गोट्यांची. इकडं न्हाई.

हनुमंत बघत बसला. सकाळी त्यानं सोताच्या हातानं फुली कुठं मारली व्हती? खऱ्या वाटंवर. पोरांनी तिकडं जाऊ नये म्हणून.

तो उठला. फुली वलांडली.

मागं आवाज आला. ठक.

दगडावर दगड ठेवल्यासारखा.

तो थांबला न्हाई.

ठक... ठक...

पडकी विहीर आली. काठावर सार्थक बसलेला. पाय आत सोडून. खिशं फुगलेलं. टोपी भरलेली. स्कार्फाची झोळी केलेली, ती बी भरलेली. सगळं गोटं. पाणी निथळत व्हतं.

"सार्थक..." हनुमंत हळूच म्हणला. पोरगं दचकून आत जाईल म्हणून.

"आलो की रं," सार्थक मान न वळवता म्हणला. दमल्या आवाजात. "आता मावंनात. किती देतुयास?"

"...कोण देतंय?"

"तूच की."

"कुठनं?"

सार्थकनं बोट केलं. खाली. विहिरीत.

"म्हणतुयास, जड झालास की ये."

हनुमंतानं बॅटरी आत मारली न्हाई. जन्मात त्यानं एवढंच शहाणपण केलं.

पट्ट्याला धरून पोरगं मागं वढलं. झोळी सुटली. टोपी उलटी झाली. गोटं सगळं विहिरीत गेलं. लई गोटं.

एक बी वाजला न्हाई.

पाणी व्हतं. पर एक बी... न्हाई.

सार्थकला पाठीवर घेतलं. खिशातलं उरलंसुरलं उपसून टाकलं. आन् चालला. पळवत नव्हतं. पळायचं बळ कुठनं आणायचं? बॅटरी गेली. पाय घाशीत, घाशीत, तंबूतल्या कंदिलाकडं बघत. बाभळ मागं पडली.

पाठीवर पोरगं अर्धवट झोपंत म्हणलं, "दादा..."

"हं."

"तू मागं का थांबलायस?"

हनुमंतानं पोरगं पाठीवर वर सरकवलं.

"हात हलवतुयास..."

हनुमंतानं मान वळवली न्हाई.

तंबूपाशी आल्यावर त्यानं सरांना समदं सांगितलं. बाणाचं बी. सर कॅनॉलावरनं चिखलात भरून आलेले, आवाज बसलेला. त्यांनी सार्थकला पोटाशी धरलं. हनुमंताकडं बघितलं. मारतील असं वाटलं. "झोप," एवढंच म्हणाले, आन् सोताच खाली बसले.

सकाळी शिबिर मोडलं. टेम्पोनं पोरं गावात सोडली. हनुमंतानं सार्थकचा हात रतनबाईच्या हातात दिला. तिनं पोराची टाच बघितली. "एवढंच व्हय? मला वाटलं काय झालंय," म्हणली, आन् हसली. हनुमंताला तिथंच रडू आलं. ती म्हणली, "येडा झाला का रं?"

मग तो घरी गेला.

घर बंद. त्याची आई, कुशाबाई, शिबिर लागल्यापस्नं दौंडला भावाकडं व्हती. ती तवाच एस्टीतनं उतरून आली. पिशवी खाली ठेवली. कंबरंची किल्ली काढली. कुलूप गंजलेलं, दोनदा फिरवावं लागलं. दार उघडलं.

हनुमंतानं बूट काढला. एकच. दुसरा तसाच ऱ्हायला.

"आगं बया," कुशाबाई म्हणली. "बंद घरात हे कुणी मांडलं?"

उंबऱ्याच्या आतल्या अंगाला, सारवल्या भुईवर, गोट्यांचं रिंगाण व्हतं. गोल. नीट.

मधी एक गोटा.

त्याच्याखाली भुई अजून भिजत व्हती.