बाबांची दारावरची पेटी

धाकट्या भावाचा दुपारी फोन आला तेव्हाच मी ओळखलं, याने काहीतरी दिवे लावलेत. "ताई, जरा घरी ये. बाबांची पेटी बोलत नाहीये."

पेटी म्हणजे दाराशी बसवलेला, पत्त्यांच्या जोडाएवढा लिनक्सवर चालणारा संगणक. बाबांनी निवृत्तीनंतर तो जुळवला होता. आपल्या किल्लीला अडकवलेली चिप त्याला टेकवली की भिंतीवरच्या स्पीकरमधून त्यांचा आवाज यायचा. "ताई आली." "धाकटे आले, नेहमीप्रमाणे उशिरा." स्वतःसाठी मात्र त्यांनी काहीच रेकॉर्ड केलं नव्हतं. "मी आलो की मीच सांगेन की," असं म्हणायचे. ते गेल्यावर आईजवळ त्यांचा तेवढाच आवाज उरला होता. तेव्हापासून ती दाराला आतून कडीही लावत नव्हती, आणि मी सांगून सांगून थकले होते.

"काय केलंस?" घरी पोचल्या पोचल्या मी विचारलं.

"पेटीतलं मेमरी कार्ड भरलं असेल म्हणून लॅपटॉपला लावलं. बाबांच्या आवाजाची एकही फाइल नाही, नुसता कचरा. मग पुसून टाकला."

मी कपाळाला हात लावला. त्याच्या लॅपटॉपला कार्डाचा फक्त पहिला भाग दिसत होता, ज्यातल्या फाइलींवर पेटी सुरू होते तो. आवाज होते न दिसणाऱ्या दुसऱ्या भागात. म्हणजे या अकलेच्या कांद्याने घर शाबूत ठेवून जिना तोडला होता.

"त्यांचा आवाज गेला का गं?" आईने विचारलं.

"नाही गेला. मी आणते," मी म्हटलं, आणि मनातून घाबरले.

पेटी सोडवून जेवणाच्या टेबलावर घेतली. तीच लिनक्स दुसऱ्या कार्डावर उतरवली आणि सुरुवातीच्या फाइली तिथून बाबांच्या कार्डात आणल्या. पेटीचा हिरवा दिवा जरा लुकलुकला आणि विझला.

"बंद करून परत चालू करून बघ ना," धाकटा म्हणाला.

"तू एक शब्द बोलू नकोस."

मग चूक सापडली. आणलेल्या फाइलींतली एक ओळ अजून त्या दुसऱ्याच कार्डाकडे बोट दाखवत होती. ती दुरुस्त करायला मी वीज काढली, कार्ड बाहेर ओढलं.

कार्ड माझ्या चिमटीत होतं. स्पीकरची सुटी वायर भिंतीवर लोंबत होती.

स्पीकर खरखरला.

"मी आलो."

मी धाकट्याकडे पाहिलं. त्याचे दोन्ही हात टेबलावर होते.

"ताई, मी नाही," तो पुटपुटला.

आई उठली. तिने दार उघडलं. बाहेर लख्ख ऊन होतं, कोणी नव्हतं. ती जराशी बाजूला सरली, थांबली, मग दार लोटलं.

"चला, सगळे आले," ती म्हणाली, आणि तिने आतून कडी लावली.