धरलेली जागा

त्या दिवशीही बाबा माझ्याआधी निघाले. गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा सदरा, खिशात निळ्या चौकड्यांचा हातरुमाल, आमच्याकडची दस्ती. साखरखेर्ड्याच्या स्टँडबाहेर जब्बारभाईंची पांढरी व्हॅन उभी असते. चिखलीच्या अलीकडे माळावर विद्यापीठाचं उपकेंद्र झालं, तेव्हापासून तिथे जाणारे आम्ही सगळे तिनेच जातो. बाबा खिडकीतून हात घालून जब्बारभाईंच्या मागच्या सीटवर दस्ती टाकत. आमच्याकडे सीटवर टाकलेली दस्ती म्हणजे बसलेला माणूस. तिच्यावर कोणी बसत नाही, तिला कोणी सरकवत नाही.

लहानपणी मला गाडी लागायची. म्हणून खिडकी हवी. तोंड पुसायला ते दस्तीचं एक टोक ओलं करत आणि हुंगायला घडीत अंगणातलं लिंबू ठेवत.

"आल्या कलेक्टरीनबाई," महामायाबाई म्हणाल्या. त्या उपकेंद्राच्या कार्यालयात आहेत. "आमाले असा बाप भेटला असता तं आमी बी मास्तरीन झालो असतो."

"एकदा उलटी करून दाखवा," बाबा म्हणाले, "तुमची बी जागा धरतो."

जब्बारभाई स्टिअरिंगवर डोकं टेकून हसले. बाबांनी पत्र्यावर दोन थापा मारल्या. रोज मारत. तोच गाडी सुटायचा इशारा होता.

"दस्ती आणजो बाई संध्याकाळी."

दुपारी आईचा फोन आला. बाबा लिंबाच्या झाडाखाली खुर्चीत बसले होते, ते बसलेलेच राहिले.

तेरवी झाल्यावर मी पुन्हा कामावर निघाले. मुद्दाम उशिरा पोचले. मिळेल तिथे बसायचं होतं. व्हॅन भरली होती, मागच्या बाकावर चौघं दाटीने बसली होती. जब्बारभाईंच्या मागची खिडकी मात्र रिकामी होती. सीटवर निळ्या चौकड्यांची दस्ती.

"जब्बारभाई, ही कोणी टाकली?"

"मले काय मालूम ताई? मले वाटलं, तुमीच कोणाले सांगेल हाय."

मी ती उचलली. एक टोक ओलं होतं.

बाबांची दस्ती आईने धुऊन कपाटात ठेवली होती. घरी येऊन पाहिलं तर तिथे नव्हती. दुःखात माणूस काय करतं ते त्याचं त्यालाही कळत नाही. मला वाटलं, आईच पहाटे जाऊन येत असेल. मी दस्ती कपाटात ठेवली, कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये टाकली. सकाळी ती सीटवर होती. या वेळी घडीत लिंबूही होतं, देठ अजून हिरवं.

मी रसायनशास्त्र शिकवते. अशा गोष्टीमागे आधी माणूस शोधते. पुढच्या सकाळी जब्बारभाईंच्याही आधी स्टँडवर गेले. त्यांनी माझ्यासमोर व्हॅनचं कुलूप काढलं. काचा बंद होत्या, आतून धुकं धरलेल्या. फक्त त्या एका खिडकीचं धुकं पुसलेलं होतं. दस्ती सीटवर होती.

जब्बारभाईंनी टोपी सारखी केली. "चाचाईनं जिंदगीत कोणाचं वाईट नाही केलं," ते हळूच म्हणाले. "बसा ताई."

मी बसले. रेक्झिन कोमट होतं. व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं, ऊब मागे येते. पण गाडी अजून सुरू व्हायची होती.

मग एका सकाळी, मी अजून दाराशीच होते, तेव्हा धम्मशीला नावाची नवी विद्यार्थिनी आली. तिला काही माहीत नव्हतं. ती घाईत चढली, त्या सीटवर टेकली आणि चटकन उठली.

"माफ करा काका," ती म्हणाली.

तिने वळून पाहिलं. रिकाम्या सीटकडे, मग माझ्याकडे.

"कोनी बसेल होतं ना इथं?"

महामायाबाईंनी तिला हात धरून शेजारी ओढलं. "इकडं ये बाई. थे धरेल जागा हाय."

त्याच महिन्यात ठरलं की आई विहंगकडे, माझ्या भावाकडे, अकोल्याला राहील आणि मी उपकेंद्राजवळ खोली घेईन. घर बंद होणार. आई भांडी बांधत होती. मी तिला यातलं काहीच सांगितलं नव्हतं.

"त्याईले सांगून जा," ती मान वर न करता म्हणाली.

"कोणाले?"

"रोज सकाळी त्याईच्या चपला दवानं ओल्या रायतात. मी पुसून ठेवतो." तिने गाठ मारली. "नाही सांगशीन तं उभे राह्यतील थे तिथं. हिवाळा हाय."

सांगण्यासारखं एकच होतं. मला कॉलेजात गेल्यापासून गाडी लागत नव्हती. पण निवृत्तीनंतर बाबांना सकाळी दाढी करायला तेवढंच कारण उरलं होतं. म्हणून मी रोज दोन घटका लिंबू हुंगत बसायचे.

सांगितलं तर उद्या सीटवर काही नसणार. नाही सांगितलं तर मी नसतानाही ते जागा धरत राहणार.

शेवटच्या सकाळी मी व्हॅनमध्ये चढले आणि दस्तीच्या सीटवर बसले नाही. मागच्या बाकावर गेले, अगदी मधोमध. महामायाबाई सरकल्या. जब्बारभाईंनी किल्ली धरली होती, फिरवली नव्हती.

समोर दस्तीच्या सीटचा फोम दबलेला होता.



"बाबा, मले गाडी लागत नाही आता. लई वर्सं झाले. तुमी येत होते, मले चांगलं वाटे, म्हनून बोलली नाही."

महामायाबाईंचा हात माझ्या हातावर आला.

फोम सावकाश वर आला.

मग व्हॅन त्या बाजूने किंचित उचलली गेली. कोणी उतरलं की उचलली जाते, तशी.

बाहेर कोणी नव्हतं. पत्र्यावर दोन थापा पडल्या, आणि जब्बारभाईंनी मागे न बघता गाडी सोडली.