वासंतीकाकूंचं लॉन

खोटं वाटलं तर खुशाल वाटू द्या. पण हे आमच्या भालचंद्रकाकांच्या घरी घडलंय, फरिदाबादला, गेल्या जानेवारीत. आणि रात्रीबित्री नाही, भरदुपारी.

वासंतीकाकू दिवाळीनंतर गेल्या.

दहाव्याला यमुनेच्या घाटावर पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. झाडावर बसून नुसता बघत होता.

"संपदाला अंतर देणार नाही," काका म्हणाले.

ढिम्म.

"तुझ्या बहिणीकडे लक्ष ठेवीन."

ढिम्म!

शेवटी लेक संपदाच कुजबुजली, "बाबा, लॉन!"

काकांनी हात जोडले. "वासंती, तुझ्या लॉनला हात लावणार नाही."

कावळा झटकन खाली आला...

जन्मभर नवराबायकोचं ह्याच एका गोष्टीवरून वाजायचं. काकांना हॅम रेडिओचा, म्हणजे घरबसल्या गावोगावच्या लोकांशी बिनतारी गप्पा मारायचा, भारी नाद. अँटेनाच्या खांबापासून चहूकडे तांब्याच्या तारा हिरवळीखाली पुरल्या की आपला आवाज लांबवर पोचतो म्हणे. काकूंनी एक तार पुरू दिली नाही.

आता घर खायला उठलं होतं. लेक गुडगावला, तिच्या नोकरीत. काकांना बोलायला माणूस हवं होतं, बस्स. दिलेला शब्द गेला विसरून.

"अब कौन डाँटेगा, यार!" शेजारच्या हरीशला म्हणाले, आणि खुरप्याने हिरवळ चिरली. चहूकडे चिरांत तारा दाबल्या. वरून पाय दिला.

खालून बारीकसं "स्स..." आलं.

हरीशने ऐकलं. काकांनी नाही.

आत जाऊन रेडिओ लावला, तर पुण्याचे खंडेराव लगेच मिळाले. जुने रेडिओमित्र. काका असे हरखले!

"खंडेराव! ऐकू येतंय ना?"

खरखर... मग खंडेराव हसले. "अहो भालचंद्रराव, वहिनींना जरा थांबायला सांगा. तुमचा आवाज दबतोय."

काकांनी झर्रकन मागे वळून पाहिलं. खंडेरावांना काकूंचं कळवायचं राहूनच गेलं होतं.

घरात कुणी नव्हतं.

"काय... काय म्हणतेय ती?"

"गार लागतंय म्हणतायत. पाठीत तार टोचतेय म्हणे. अहो, रडतायत की! भांडलात का?"

काकांनी हेडफोन कानावर गच्च दाबला. खंडेराव होते, खरखर होती. बायको नव्हती.

मग म्हातारा ढसाढसा रडला. "वासंती, एकदा तरी माझ्याशी बोल गं!"

खंडेराव चाचरत म्हणाले,

"त्या म्हणतायत... ह्यांच्याशी मी मेले तरी बोलायची नाही."

दुसऱ्या दिवशी काकांनी सगळ्या तारा उपटल्या. माती सारखी केली, हिरवळीवर नाक घासलं. काही उपयोग झाला नाही. इंदूर असो की भोपाळ, काकांनी तोंड उघडलं की पलीकडे काकूच ऐकू यायच्या. काका मात्र कुणालाच ऐकू येईनात. खंडेरावांनी उत्तर देणं बंद केलं.

काकांनी रेडिओ भंगारात दिला. लेकीला फोन लावला. "बाळा, कशी आहेस?"

पलीकडून किंकाळी आली. "आई?"

फोन कट.

संपदा आता फक्त मेसेज टाकते. बोलत नाही. मीही तेच करतो.

काल काकांचा फोन आला होता. उचलायची हिंमतच झाली नाही. बराच वेळ वाजला आणि बंद झाला.