पहिला खांदा

मिरजेच्या सांधेशाळेत त्या सकाळीही बाबालालचाचा मुजावर आणि डॉ. शर्वाणी मगदूम यांची जुंपली होती. चाचा पिढीजात हाडवैद्य. त्यांच्याच हातांच्या हालचाली टिपून शर्वाणीनं निखळलेले सांधे बसवणारं ‘प्रतिसांधक’ हे यंत्र घडवलं होतं.

“अगं, दर माणसाची ठेवण निराळी, म्हणून मी आधी चांगला खांदा चाचपतो. पण चांगला कुठला, ते मला कळतं. तुझ्या यंत्राला?”

“नाही कळत, चाचा. पहिला दाखवाल तो नमुना. दुसरा हुबेहूब तसा होईपर्यंत ते सोडत नाही.”

तेवढ्यात दाराची काच फुटली आणि सर्जेराव नावाचा गुंड आत घुसला. बाजारात दोघांना भोसकून पळताना त्याचा उजवा खांदा निखळला होता. डाव्या हातात पिस्तूल.

“बसव, म्हाताऱ्या!”

“सूज आहे. तासभर शेकावं लागेल.”

मेल्यानं पिस्तुलाच्या दस्त्यानं चाचांचं बोट टेबलावर ठेचलं. “यंत्रानं बसवा, नाहीतर एकेक करून सगळी ठेचतो!”

शर्वाणी यंत्राकडे वळली. बोटं गेली तर चाचा जिवंतपणी मेल्यात जमा. “आधी चांगला खांदा द्या,” ती म्हणाली.

“चांगला? तोही उखडायचाय होय गं? दुखतोय तो आधी!”

“अहो, खरंच आधी चांगलाच—”

दस्ता पुन्हा आदळला. दुसरं बोट. रक्त तिच्या चष्म्यावर उडालं.

तिनं तिसऱ्यांदा सांगितलं नाही. यंत्राचा पहिला पंजा तिनं निखळलेल्या खांद्यावर टेकवला, दुसरा धडधाकट खांद्यावर.

पहिला पंजा नुसता चाचपून थांबला. दुसऱ्यानं डावा दंड धरला, पिळला, ओढला. कडकन आवाज झाला. पिस्तूल पडलं. सर्जेराव गुरासारखा हंबरत कोसळला, दोन्ही हात लोंबत.

शर्वाणीनं पिस्तूल उचललं, पोलिसांना फोन केला आणि त्याच्या बरगडीत लाथ घातली. मग आणखी एक. तिला फार बरं वाटलं.

“पुरे!” चाचा खाली बसले. “डावा ताजा आहे, लगेच बसेल.”

“वेड लागलंय का तुम्हाला?”

चाचांनी त्याच्या काखेत टाच रोवली, मनगट धरलं. हात निसटला. पुन्हा धरलं, पुन्हा निसटला. ठेचलेल्या बोटांत पकडच येईना. “गेलं गं सगळं,” म्हणत ते ढसाढसा रडले.

मग बाहीनं डोळे पुसून म्हणाले, “तू ये. टाच इथं रोव. आणि राग जाईपर्यंत ओढू नकोस, सांधा चुकतो.”

शर्वाणीनं मनगट धरलं. राग जायला बराच वेळ लागला. सर्जेराव तोवर ओरडत राहिला.