चाळीस मिनिटांचा थांबा

सुरुवात झाली ती रविवारी दुपारी, जेवणाच्या टेबलावर, साडेतीन दिवसांत पाच ठिकाणं बसवण्यावरून. यात भिण्यासारखं काय आहे, असं कुणालाही वाटेल. धाकटीलाही तसंच वाटलं होतं.

काम तिच्या गळ्यात पडलं, कारण घरात रिकामी तीच होती. दुसऱ्या वर्षाला तिने कॉलेज सोडलं त्याला आठ महिने झाले होते, आणि आठही महिने घरातलं प्रत्येक मोठं माणूस तिला काहीतरी सुनावूनच ताटावरून उठत होतं. "परीक्षेचं वेळापत्रक झेपलं नाही, निदान सहलीचं तरी कर," काका म्हणाले. काका म्हणजे घराचं घड्याळ. तीस वर्षं बस डेपोत गाड्यांच्या वेळा लावल्या, निवृत्त झाल्यावर माणसांच्या लावायला लागले. दादाला चौथ्या दिवशी दुपारी कामावर हजर व्हायचं होतं. काकांना किल्ला हवा होता, काकूला गुडघ्यांमुळे तो नको होता, आईला तळं बघायचं होतं. बाबांना काहीच नको होतं. ते नेहमीसारखे पेपरमागे होते.

धाकटीने लॅपटॉपवर तक्ता आखला. तिसऱ्या ठिकाणावरून चौथ्याला सरळ रस्ता तीन तासांचा होता. काकांनी पेन्सिल घेऊन नकाशावर भलामोठा वळसा काढला. पाच तास.

"सरळ रस्ता असताना?"

"तो रस्ता खराब आहे."

तिने फोनवर रस्ता दाखवला. चौपदरी, कोरा करकरीत. काकू ताटं उचलायला उठली, पण ताटं मघाशीच उचलली होती. बाबांच्या पेपरचं पान उलटायचं थांबलं. दाढीला लागलेली मिनिटं मोजणारा माणूस साडेतीन दिवसांतले दोन तास उगाच कशाला फेकून देईल?

तिने काकांच्या कपाटातून सहलींची जुनी वही काढली. न विचारता. विचारून त्या घरात काही मिळत नसे. प्रत्येक सहलीचा तक्ता काका वहीत लिहीत, आणि वर माणसांचे क्रमांक. कारण गाडी सुटण्याआधी या घरात मोजणी व्हायची. काका पुढच्या सीटवरून, मागे न बघता, 'एक' म्हणायचे. मग बाबा दोन, काकू तीन, आई पाच, दादा सहा, धाकटी सात. चार कुणीच नव्हतं. चार अशुभ असतो, असं तिला लहानपणी सांगितलं होतं, आणि तिने ते बावळटासारखं मानलंही होतं.

सगळ्यात जुन्या तक्त्यात, तिच्या जन्माच्याही आधीच्या, चौथी ओळ ब्लेडने कापून काढली होती. त्या खिडकीतून पुढच्या पानावरचं दिसत होतं : 'निघणे २.४०.'

वही घेऊन ती स्वयंपाकघरात गेली. आईने पान बघितलं आणि नळ मोठा केला, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

"तुझी आत्या," ती म्हणाली. "बाबांची बहीण. मी वन्सं म्हणायचे त्यांना…"

तेव्हा आईच्या लग्नाला दोन महिने झाले होते. त्या सरळ रस्त्यावर एक खानावळ होती. आत्या खानावळीमागच्या नळावर पाय धुवायला गेली. उशीर होत होता, काका घड्याळावर बोट आपटत होते. मोजणी सुरू झाली. एक, दोन, तीन. पुढे कुणी बोलेना.

"मागचं दार लागल्याचा आवाज आला होता गं मला. म्हटलं, बसल्याच आहेत, उगाच बोलणी खातील… म्हणून मीच म्हटलं, चार. आणि मग माझा पाच."

"तुझा आवाज कुणालाच ओळखू आला नाही?"

"सगळ्यांना आला," आई म्हणाली. "मागे वळून कुणी बघितलं नाही. वेळ नव्हता ना."

चाळीस मिनिटांनी कळलं. परतायला आणखी चाळीस. नळ वाहत होता, शेजारी चपला होत्या. बस, एवढंच. पोलीस झाले, जाहिराती झाल्या. मग घराने ती ओळ कापली आणि जेवायला बसलं.

धाकटीचं डोकं सटकलं. तिने बाहेर येऊन सांगितलं : सरळ रस्त्यानेच जायचं आणि तिथे चाळीस मिनिटं थांबायचं, नाहीतर तक्ता ज्याचा त्याने करावा. एवढा वेळ आणणार कुठून, असं काकांनी विचारलं. तिने तो त्यांच्याच वळशाच्या दोन तासांतून कापला. काका तोंड उघडणार तेवढ्यात पेपरमागून बाबा म्हणाले, "ठेव तो थांबा."

तिची आणखी एक अट होती. मोजणी बंद. गाडी सुटण्याआधी प्रत्येकाने मागे वळून तोंडं बघायची. काका हो म्हणाले. विषय मिटवायला मोठी माणसं हो म्हणतात, तसं.

सहलीत दुपारी दोनला गाडी तिथे थांबली. खानावळीचं शटर गंजलेलं, ऊन पांढरंफटक. कुणी उतरलं नाही. काकूला ऊन बाधलं असतं. आई पिशवीचा बंद सोडत-बांधत बसली. बाबांनी दाराच्या कडीवर हात ठेवला आणि तिथेच ठेवला. धाकटीची जागा सगळ्यात मागे, बॅगांच्या ढिगाआड. ती एकटी उतरली.

खानावळीच्या पायरीवर ती बराच वेळ बसून राहिली. कुणीतरी येईल, निदान आई येईल, असं वाटत होतं. शेवटी ती उठून मागे गेली. नळ कोरडा होता, तोटीत कोळ्याचं जाळं. पण खालची फरशी ओली होती. शेवाळाचा वास येत होता. फरशीवरून अनवाणी पावलं उमटली होती, ओली, ताजी, गाडीच्या दिशेने जाणारी. नळाकडे येणारं एकही पाऊल नव्हतं…

गाडीचं मागचं दार लागल्याचा आवाज आला.

"एक," काकांचा आवाज. "दोन… तीन…" नेहमीची फट. "पाच." "सहा."

"सात."

किंचित घोगरा, वैतागलेला आवाज. तिचाच. तिचं तोंड मिटलेलं होतं.

ती धावत पुढे आली तोवर गाडी रस्त्याला लागली होती. मागच्या काचेत, बॅगांच्या वर, एक डोकं दिसत होतं. केस ओले, मानेला चिकटलेले. गाडीतलं कुणीही मागे वळलं नाही.

तिने आईला फोन लावला.

"आई… मी मागे राहिले."

पलीकडे गाडीची घरघर. मग आईचा श्वास. मग फोनवर हात धरून बोलावं तसं, अगदी हळू :

"वन्सं…?"

"आई, मी आहे. मागे बघ. एकदाच मागे वळून बघ."

आई वळली की नाही, कळलं नाही. पलीकडून, लांबून, धाकटीचा स्वतःचा आवाज आला, झोपाळलेला :

"कुणाचा फोन आहे गं, आई?"

"कुणाचा नाही," आई म्हणाली. "झोप तू."

फोन कट झाला. त्यावर दोन चाळीस वाजले होते. खानावळीच्या मागे, त्या गंजलेल्या नळाला, पाणी आलं.