चार इंच

डॉक्टरीणबाईंनी गुंडीला भिंतीला टेकवून उभं केलं, डोक्यावर पट्टी ठेवून आकडा वाचला, हातातला कागद पाहिला आणि तीस वर्षं गावाची मापं घेणाऱ्या शिंप्याला विचारलं, "ही उंची घरी कुणी मोजली होती?"

कागदावरची गुंडी भिंतीजवळच्या गुंडीपेक्षा चार इंच उंच होती...

ही त्याची एकुलती एक लेक. पाचव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगातून उठली. औषधं झाली, डोक्याला किरणं झाली, पोर वाचली, आणि घराने असा काही सुटकेचा निःश्वास टाकला की पुढच्या सूचना कुणाला ऐकूच आल्या नाहीत! दरवर्षी इस्पितळाचा कागद यायचा. उंची घरीच मोजून कळवायची. नवव्या वाढदिवशी टेप लावली, तर आकडा जवळजवळ गेल्या वर्षीचाच. लेकीचा उतरलेला चेहरा बापाला बघवेना. त्याने घरातल्या टेपच्या सुरुवातीचा एक इंच कापला आणि पितळी टोक पुन्हा बसवून टाकलं, इतक्या सफाईने की गिऱ्हाइकाने दाद द्यावी. मग दरवर्षी एक इंच. घरात आनंद, आणि कागदावर वाढ कशी, दृष्ट लागावी अशी... यंदा मात्र इस्पितळाने पोरीलाच बोलावून घेतलं.

शिंप्याने सगळं कबूल केलं. बाई रागावल्या नाहीत, हेच वाईट होतं. त्यांनी समजावलं, किरणांनी मेंदूतली वाढीची ग्रंथी मंदावते, कधी कधी वर्षांनी; म्हणून तर तो कागद. इंजेक्शनं आहेत, पण हाडांची टोकं जुळून गेली की त्यांनी उंची वाढत नाही. डाव्या हाताचा एक्स-रे फोटो काढू, मग टोकं जुळलीत का ते कळेल. "आधी कळलं असतं तर..." एवढं बोलून त्या थांबल्या.

बाहेरच्या बाकावर गुंडीची आई नवऱ्यापासून एक जागा सोडून बसली. फोटो हातात यायला तासभर लागणार होता. तिने एवढंच विचारलं, की परक्यांच्या बाह्या पाव इंचाने चुकल्या तर उसवून देतोस, आणि पोटच्या पोरीला...? शिंपी स्वतःचे तळहात पाहत राहिला. या हातांनी आपण लेकीची चार वर्षं कापली!

"आई, मला माहीत होतं," आईच्या पलीकडे बसलेली गुंडी म्हणाली. "टेप चारपासून सुरू व्हायची. शाळेत आकडे शिकवतात, बाबा."

"मग बोलली का नाहीस गं?" बापाने विचारलं.

"तुम्ही आकडा वाचताना हसायचात. मी आजारी असताना हसतच नव्हतात."

शिंप्याने तोंड फिरवलं. सोडलेली जागा आईने सरकून भरली.

दार उघडलं. हाडांची टोकं अजून उघडी होती, पण वेळ फार नव्हता. आणखी काही तपासण्या, मग रोज एक इंजेक्शन. किती वाढेल ते सांगता येणार नाही, असं बाईंनी स्पष्ट सांगितलं.

घरी आल्यावर शिंप्याने दुकानातली कोरी टेप काढली. टोक गुंडीनेच टाचेखाली धरलं आणि आईने डोक्यावर पट्टी आडवी ठेवली.

"खरं वाचा, बाबा."

त्याने वाचलं. कुणी हसलं नाही. गुंडीने तो आकडा स्वतःच्या हाताने दाराच्या चौकटीवर लिहिला.

"आता यापुढे जेवढी वाढेन," ती म्हणाली, "तेवढी माझी."